बंदराबाहेर पडलं की बंद

प्रिय ठमे,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. घरात सगळे ठणठणीत आहेत. बाप फोन उचलायचा सोडून कागद-पेन घेऊन का बसला, ते सांगतो, पण मला माझ्या चालीनं सांगू दे. आधी चांगली बातमी घे. कॉम्प्युटरवरचा आपला बोटीचा गेम सुरू झाला! काल बोट दीपगृह ओलांडून पार उघड्या समुद्रात नेली, एवढाल्या लाटा अंगावर घेतल्या, पण पडदा एकदाही काळा झाला नाही. मी एकटाच होतो. इंजिन सोडून सुकाणूकडे पळायचं आणि सुकाणू सोडून इंजिनाकडे, अशी त्रेधा उडाली नुसती. तू गेले कित्येक रविवार तिकडून माझ्याबरोबर खेळायला आली नाहीस. विचारलं की एका ओळीत उत्तर येतं, "तुमचं मशीन नीट झालं की बघू." फोन माझ्या हातात असला तर दोन वाक्यांत संपतो आणि आईकडे गेला की तासभर चालतो. तू माझ्याशी पूर्वीसारखी बोलशील की नाही, ही एकच काळजी सध्या माझ्या मागे आहे. गेमचं निमित्त होतं, हे आता मला कळलं आहे.

तरी गेमचंच आधी सांगतो, कारण सगळी गोष्ट त्यातूनच निघते. जुन्या कार्डावर आपला समुद्र कसा दिसायचा आठवतं? निळी चादर कुणीतरी दोन टोकांना धरून झटकतंय, तसा. त्याला वैतागून तू नवं ग्राफिक्स कार्ड निवडून पाठवलंस. ते बसवताना मी फोन डब्याला टेकवून उभा केला होता आणि तू तिकडून एकेक पायरी सांगत होतीस. जुनं काढा, नवं खाचेत दाबा, स्क्रू लावा. मग म्हणालीस की या कार्डाला वीज जास्त लागते, म्हणून त्याला वेगळी जाड वायर आहे; तिचं टोक 'खट्' वाजेपर्यंत आत दाबायचं. मी दाबलं. तू विचारलंस, "आवाज आला का, बाबा?" मी म्हणालो, "आला की!" वर फुशारकीही मारली, की ज्या माणसानं हयातभर लिफ्टच्या मोटरी नुसत्या आवाजावरून ओळखल्या, तळमजल्यावर उभं राहून वरचं कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगितलं, त्याला तू खट् शिकवतेस? तू हसलीस. हसताना दिसलीस, म्हणजे हसलीच असणार.

त्यानंतर काय झालं ते तुला ठाऊकच आहे. बंदरात उभं असेपर्यंत सगळं झकास. पाण्यावर ऊन चमकतंय, दोरखंडाचा पीळ न् पीळ दिसतोय. बोट बाहेर काढली, वारा सुटला, पहिली मोठी लाट उठली, की पडदा काळाठिक्कर. मशीन आपलं आपण बंद पडून परत सुरू. मी हात धुऊन त्याच्या मागे लागलो. कार्डाचा ड्रायव्हर काढून नवा घातला. पंख्यांतली धूळ काढली. मेमरीच्या पट्ट्या काढून, त्यांची टोकं खोडरबरानं घासून पुन्हा बसवल्या. अख्खा गेम पुसून परत उतरवून घेतला, त्यात एक पूर्ण दिवस गेला आणि आईची मालिका मधेच अडकली, ते ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच. तापमान दाखवणारी एक खिडकी पडद्याच्या कोपऱ्यात उघडून ठेवली आणि रोग्याच्या उशाशी बसावं तसा तिच्याकडे बघत बसलो. तापमान बिचारं सरळ होतं. शेवटी मी निकाल लावून टाकला, की कार्डच भिकार. दुकानदार फोनवर गयावया करत होता, की काका, वायर पूर्ण बसली आहे का तेवढं एकदा बघा. त्याला म्हणालो, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी वायरी बसवतोय. आणि तुला म्हणालो, चार पैशांची अक्कल नाही, कसला भंगार माल निवडलास. ते वाक्य मला आता राहून राहून चावतं.

आता कानांचं. ठमे, मला ऐकू येत नाही. अगदी ठार बहिरा नाही, पण बारीक आवाज गेले आहेत. हळू बोललेलं गेलं, पाठमोऱ्या माणसाचं बोलणं गेलं. मशीनरूममध्ये कान उघडे ठेवून इतकी वर्षं काढली, त्याचा हा हिशेब. हे कधी सुरू झालं ते सांगता येणार नाही, पण माहीत मला बरेच दिवस होतं. एखाद्या म्हाताऱ्याला चष्मा लागला तर कुणी हसत नाही, पण बहिऱ्याची मात्र सगळीकडे टिंगल होते, त्याला एकच गोष्ट तीनदा सांगून लोक डोळे फिरवतात, आणि ते माझ्याच्यानं सोसलं नसतं. म्हणून मी युक्ती काढली. समोरच्याचं बोलणं संपलंय असं त्याच्या तोंडावरून दिसलं की आपण काहीतरी चपखल बोलून मोकळं व्हायचं. "हो ना." "काय सांगता!" "बरं झालं, मी म्हणतच होतो." ही वाक्यं कुठेही चालतात. शेजारचे मास्तर तर मला उत्तम श्रोता समजतात आणि जिन्यात गाठून गाठून बोलतात. मला स्वतःचंच कौतुक वाटायचं. तू खट् विचारलंस तेव्हाही मी हेच केलं. आवाज आला नव्हता. यायला हवा होता, म्हणून आला म्हणालो.

परवा दुपारी मी कार्ड परत पाठवायचं ठरवून मशीनची पेटी उघडली. टेबलाखाली अंधार, म्हणून आईला टॉर्च धरायला बोलावलं. ती आली, पण तोंड फिरवून उभी राहिली. घरात बरेच दिवस असंच चाललं होतं. ती कामापुरतं बोलायची आणि मला वाटायचं, कानच गेलेत तर घर शांतच वाटणार! वायर ओढायला म्हणून मी टोक धरलं, जरा हलवलं, तर ते सैल लागलं. सवयीनं अंगठ्यानं आत रेटलं. तशी आई केवढी दचकली, टॉर्च हातातून सुटता सुटता राहिला. म्हणाली, "अहो, मोडलंत की काय? केवढ्यानं वाजलं!" मी म्हणालो, "काय वाजलं?" आणि ती माझ्याकडे बघतच राहिली. वायर इतके दिवस अर्धवट बसलेली होती, ठमे. साध्या कामाला तेवढी वीज पुरत होती. लाटा उठल्या, कार्डाला जोर लावायची वेळ आली, की कमी पडायची. तुझं कार्ड चांगलंच होतं, दुकानदार बरोबर होता आणि तूही बरोबर होतीस. आईनं ते टोक माझ्याकडून परत काढवलं, परत बसवायला लावलं. तिनं मान हलवली, म्हणजे वाजलं. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

मग ती तिथेच फरशीवर बसली आणि हळूच काहीतरी बोलली. मी म्हणालो, "हो ना." ती पुन्हा तेच बोलली, ओठ माझ्यासमोर धरून: "पोरीनं त्या शेवटच्या रविवारी तुम्हाला काय सांगितलं?" मी म्हणालो, काय सांगणार, कार्ड परत करू का असं विचारत असेल. आईला हसू फुटलं आणि हसता हसताच ती रडायला लागली. तिला तू आधीच सांगितलं होतंस, आणि बाबांना मी माझ्या तोंडानं सांगेन, तू मधे पडू नकोस, असंही म्हणाली होतीस. म्हणून त्या रविवारी ती दाराआड उभी होती. बोट बंदरातच उभी होती, कारण बाहेर काढली की सगळं बंद पडायचं. समोरासमोर सांगवेना म्हणून तू ती शांत वेळ निवडलीस. माझं लक्ष त्या तापमानाच्या खिडकीत. हेडफोनमध्ये तुझा आवाज पुटपुटल्यासारखा येत होता, मग थांबला, म्हणजे माझी पाळी आली असं मी समजलो. तू नवऱ्यापासून वेगळी झालीस आणि एकटीनं खोली घेऊन राहतेस, एवढं तू मला सांगितलं होतंस. आणि मी मोठ्यानं, अगदी खुशीत म्हणालो, "बरं झालं! मी म्हणतच होतो."

हे आईच्या तोंडून कळल्यावर मी टेबलाखालून लवकर बाहेरच आलो नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं, हे मी आजवर नुसतं बोलायला वापरत होतो. तुमच्या लग्नाला मी किती आडवा आलो होतो ते तुलाही ठाऊक आणि आईलाही, मग तुम्ही दोघींनी दुसरा काय अर्थ घ्यायचा? मला ऐकू आलं नाही, हे खरं आहे. पण त्याच्याआड लपायला मन घेत नाही. कारण मी स्वतःला विचारून बघितलं: ऐकू आलं असतं तर? तोंडानं नसतो बोललो. पण मनात कुठेतरी ते वाक्य आलं असतं, ठमे. पोरीचा संसार मोडला हे ऐकून बापाच्या मनात आधी स्वतःचं खरं ठरल्याचा विचार यावा, याची मला बहिरेपणापेक्षा जास्त लाज वाटते. आणखी एक सांगतो. तुझ्या नवऱ्यावर माझा सगळ्यात मोठा राग काय होता, तर हा माणूस तोंडातल्या तोंडात बोलतो, मोठ्यांशी धड बोलत नाही, चार शब्द विचारले की नुसता हसतो. आता मला दाट शंका येते की तो नीटच बोलत होता. त्याचं आणि तुझं काय बिनसलं ते तुमचं तुम्हाला ठाऊक, पण माझ्या घरात त्याला जी वागणूक मिळाली ती माझ्या कानांमुळे मिळाली, आणि त्या बिचाऱ्यानं कधी आवाज चढवला नाही.

कालच कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. काचेच्या खोलीत बसवून, आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा, नाही आला तेव्हा बटण न दाबता बसलो. यंत्र मिळायला थोडे दिवस लागतील. तोवर फोनवर माझा भरवसा नाही. तू काही सांगावंस आणि मी पुन्हा "हो ना" म्हणून बसावं, या भीतीनं हे पत्र लिहितोय. आई मला सगळं सांगायला तयार होती, कधीपासून बिनसलं, खोली कशी आहे, तू जेवतेस का. मी नको म्हणालो. ते तू मला सांगायला आली होतीस. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायला लावणं किती वाईट, ते मला कळतं, आणि तू नाही म्हणालीस तरी माझी तक्रार नाही. पण जमलं तर लिही, पोरी. अगदी पहिल्यापासून लिही, मला न आवडणारंही लिही. मी शेवटपर्यंत वाचेन, आणि उत्तर मात्र दुसऱ्या दिवशी देईन.

तुझाच, खूप ओशाळलेला,
बाबा