प्रकल्प : मी पास होणे

३ मे, सकाळी ७.४०
आजपासून रोजनिशी. परीक्षेच्या पुस्तकात पान बारावर सांगितलंय की प्रत्येक प्रकल्पातून शिकलेले धडे लिहून ठेवावेत. बहुतेक लोक ठेवत नाहीत. म्हणून जग असं आहे.
प्रकल्पाचं नाव : प्रोजेक्ट मॅनेजमेंटची सर्टिफिकेट परीक्षा पास होणे. मुदत : २८ जून. व्यवस्थापक : मी. टीम : मी.
उठायची वेळ पाच ठरली होती. पहिला दिवस, म्हणून सवलत.

४ मे
पार्श्वभूमी लिहायची राहिली. आमचं ऑफिस डॉक्टरांना दवाखाने उभे करून देतं. फरशी, पाणी, दिवे, खुर्च्या, सगळं. साहेब म्हणालेत, पास झालीस तर पुढचा दवाखाना पहिल्यापासून शेवटपर्यंत तुझा. नाहीतर बाहेरून माणूस आणणार. कारण जूनअखेर वहीवाले काका निवृत्त होताहेत.
वहीवाले काका अठ्ठावीस वर्षं साइट सांभाळताहेत. त्यांचं सगळं व्यवस्थापन शर्टाच्या खिशातल्या एका लाल वहीत मावतं. यावरून व्यवस्थापन केवढं असेल ते कळावं.
आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. बाबा प्लंबर, आई शिलाई करते. आमच्याकडे आजवर कुणी कशाचं व्यवस्थापन केलेलं नाही. सगळे नुसते कामच करत आले.

९ मे
अभ्यासाचा चार्ट पूर्ण. पाच दिवस लागले, पण चार्ट असा की बघत राहावं. सहा रंग. भिंतीच्या अर्ध्या भागावर बसलाय. डिग्रीची फ्रेम थोडी सरकवावी लागली.
अभ्यास चार तारखेपासून सुरू होणार होता, तो आता पाच दिवस मागे आहे. त्यासाठी चार्टमध्ये लाल रंग आहेच.

१२ मे, सकाळी ८.१५
उठायची वेळ पाचवरून सहा केली. हा पराभव नाही, याला सुधारित आराखडा म्हणतात.
अर्जात लिहायचं होतं की मी आजवर कोणते प्रकल्प लीड केले. गेल्या दोन वर्षांतले चारही दवाखाने लिहिले. मी त्यांच्या सगळ्या मीटिंगांना हजर होते. त्यावर वरिष्ठांची सही लागते, म्हणजे काकांची. त्यांनी चष्मा चढवून सावकाश वाचलं. विचारलं, लीड म्हणजे पुढे राहून करणं ना गं पोरी? म्हटलं, हो. थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि सही केली. इंग्रजी कच्चं असणार.

१७ मे
पहिली सराव परीक्षा. ४१ टक्के. पास व्हायला साधारण पासष्ट हवेत. प्रश्न अतिशय सुमार. प्रत्येकात कुणीतरी भांडतंय, कुणीतरी रुसलंय, आणि विचारतात, प्रोजेक्ट मॅनेजर सर्वात आधी काय करेल? मी दर वेळी लेखी नोटीस देण्याचा पर्याय निवडला. शिस्तीत तोच बसतो. उत्तरसूचीच्या मते तो चूक. उत्तरसूची करणाऱ्यांनी कधी ऑफिस पाहिलेलं दिसत नाही.

१८ मे, रविवार
आई सकाळी शाळेच्या गणवेशांना बटणं लावत बसली होती. तिला या क्षेत्राची थोडी ओळख व्हावी म्हणून दहा प्रश्न सोप्या भाषेत वाचून दाखवले. तिची नऊ बरोबर आली.
हा निव्वळ योगायोग. तिला विचारलं, हे उत्तर कशावरून? म्हणाली, अगं, आधी त्या माणसाला बाजूला घेऊन विचारायचं ना, काय झालंय बाबा म्हणून. पुढच्या प्रश्नालाही तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. म्हणजे तिच्याकडे एकच उत्तर आहे आणि ती ते सगळीकडे चिकटवते. याला ज्ञान म्हणत नाहीत.
माझी त्याच दहांपैकी चार.

२१ मे
साहेबांनी सरावासाठी चालू कामाचं वेळापत्रक करायला दिलं. दाताचा दवाखाना, तीन खुर्च्या. दोन दिवसांत केलं. एक प्रत घरी भिंतीवर लावली, घरच्यांना प्रेरणा मिळावी म्हणून.
बाबा जेवता जेवता बघत होते. म्हणाले, दाताच्या खुर्चीला पाणी खालून जातं, सांडपाणीही खालून येतं. तू आधी फरशी घातलीस आणि मग पाइप. पाइप काय हवेतून नेणार? आणि हसले. घास तोंडात असताना.
बाबांना समजावलं की फरशीचा माल आधी येतोय, म्हणून फरशी आधी. उपलब्धतेनुसार क्रम, ही संकल्पना आहे. म्हणाले, बरं. आणि भात वाढून घेतला. त्यांचा विषय पाइप आहे, वेळापत्रक नाही.
वेळापत्रक ऑफिसात पाठवलं, जसंच्या तसं.

२४ मे
शिवणयंत्राचा आवाज असह्य. मी वाचते तिकडे आणि हे इकडे खडखड खडखड. शेवटी लेखी नोटीस काढली : 'संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत पुढच्या खोलीत आवाज करू नये. हुकुमावरून.' आईने वाचली आणि विचारलं, हुकूम कुणाचा? म्हटलं, प्रकल्पाचा.
बाबांनी नोटिशीमागे नळाच्या गळतीचं माप लिहून घेतलं.
ऑफिसातही सर्वांना मेल टाकला की २८ जूनपर्यंत मला साइटवरून फोन करू नयेत.

२७ मे
नोटीस लागू पडली! तीन दिवस संध्याकाळी यंत्र बंद. साइटवरूनही एकदेखील फोन नाही. पूर्वी दिवसाला पंधरा यायचे. सिमेंट आलं नाही, मॅडम. इलेक्ट्रिशियन रुसला, मॅडम. आता शांतता. लेखी सूचनेत केवढी ताकद असते, आणि ती परीक्षा घेणारेच चुकीची ठरवतात.

३० मे
आईच्या वेळेच्या वापराबद्दल काळजी वाटते. नोटिशीमुळे संध्याकाळचे तीन तास तिला मोकळे मिळाले, तर ती रोज शेजारच्या काकूंकडे जाऊन बसते. रोज! नऊला येते, अंगावर दोऱ्यांचे तुकडे घेऊन. काय गप्पा मारतात एवढ्या? त्या वेळात एखादं कौशल्य शिकता आलं असतं.
दुसरी सराव परीक्षा : ४३. प्रगती.

३ जून
संताप. दाताच्या दवाखान्यात काकांनी माझ्या वेळापत्रकाला हरताळ फासला. आधी पाइप घातले, मग फरशी. परवानगी नाही, बदलाचा अर्ज नाही, काही नाही. तातडीने निषेधाचा मेल लिहिला, चार जणांना प्रती. पुस्तकातला उतारा जोडला.
दुपारी काका टेबलापाशी आले. म्हणाले, चुकलंच माझं पोरी. तुला विचारायला हवं होतं. आता झालंय ना, सोडून दे. अठ्ठावीस वर्षांचा अनुभव आणि दोन मिनिटांत कबुली. उदार मनाने सोडून दिलं.
बाबांना घरी सांगितलं. ते बराच वेळ खोकत होते.

११ जून, सकाळी ८.५०
उठायची वेळ खुली ठेवली आहे.
तिसरी सराव परीक्षा : ४०. संगणकाचा माउस नीट चालत नव्हता.
पुस्तकाची साडेतीनशे पानं राहिली आहेत. चार्टमध्ये मात्र सगळं वेळेवर आहे, कारण काल मी चार्ट सुधारला.

१५ जून, रविवार
आईला आणखी वीस प्रश्न. अठरा बरोबर. योगायोग लांबत चालला आहे. तिचं एकच उत्तर थोड्याफार फरकाने : आधी विचारायचं, मग सगळ्यांनी मिळून बघायचं, तक्रार वर न्यायची ती अगदी शेवटी. दोन चुकले तिथे म्हणाली, हे प्रश्नच कुणीतरी घाईत लिहिलेत. याबाबतीत मात्र आमचं एकमत.
मध्येच विचारलं, तुला भीती वाटते का गं? म्हटलं, जोखमींची यादी केलेली आहे. म्हणाली, ते नाही विचारलं.

२२ जून
सहा दिवस राहिले. आज चार्टकडे बघून थोडं रडू आलं. डोळ्यांवर ताण, सहा रंगांमुळे.
नापास झाले तर बाहेरून माणूस येईल आणि मी मीटिंगांना हजर राहत राहीन. डिग्रीची फ्रेम आता चार्टमागे गेली आहे. ती लावली त्या दिवशी बाबांनी भिंतीत स्वतः भोक पाडलं होतं. दोनदा पातळी तपासून.
बस. भावना वगळून अभ्यास.

२८ जून, दुपारी ४.३०
पास.
सविस्तर : परीक्षा केंद्रावर काउंटरच्या बाईंनी बाह्या वर करायला लावल्या, चष्मा उलटासुलटा करून बघितला, जणू मी सूत्रं कानामागे लपवली आहेत. एकशे ऐंशी प्रश्न, दोनशे तीस मिनिटं. मी शास्त्रशुद्ध सुरुवात केली. प्रत्येक प्रश्न कोणत्या प्रक्रियेत बसतो, तिचे घटक कोणते, सगळं आठवून. एकशे वीस प्रश्न झाले तेव्हा घड्याळात एकतीस मिनिटं उरली होती.
उरलेल्या साठांसाठी मी एक नवी पद्धत वापरली. पर्यायांत जो 'आधी त्या माणसाला बाजूला घेऊन विचारा' असं म्हणत असेल तो निवडायचा. पद्धत पूर्णपणे माझी. आयत्या वेळी सुचली.
साहेबांना कळवलं. म्हणाले, शाब्बास, पुढचा दवाखाना तुझा. डोळ्यांचा आहे, तीन मजली.
घरी सांगितलं तर आई एकदम खाली बसली. मग उठली आणि तडक शेजारच्या काकूंकडे गेली. एवढी बातमी, आणि हिला गप्पा सुचतात. बाबांसोबत यंत्र उचलून घेऊन परत आली. शेजारी कधी गेलं होतं ते, कोण जाणे. दुरुस्तीला असेल.

२९ जून
सविस्तर निकाल मेलवर आला. 'माणसं' या भागात अपेक्षेपेक्षा वर. 'प्रक्रिया' या भागात अपेक्षेपेक्षा खाली. उघड आहे, दोन्ही रकान्यांची अदलाबदल झाली आहे. परीक्षा मंडळाला लेखी कळवलं. एका मिनिटात उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. म्हणजे चूक मान्य.

३० जून
काकांचा निरोपसमारंभ. चहा, बिस्किटं, साहेबांचं भाषण. शेवटी काकांनी ती लाल वही माझ्या हातात दिली. म्हणाले, आता ही तुझी. मला चष्म्यानेसुद्धा धड दिसत नाही.
त्रुटी शोधाव्यात या हेतूने बसमध्ये उघडली. अनुक्रमणिका नाही. पानांना आकडे नाहीत. नुसत्या ओळी. 'फरशीवाल्याचा गुडघा दुखतो, वरचा मजला दुसऱ्याला.' 'इलेक्ट्रिशियन रुसला की आधी त्याच्या मुलीची चौकशी करावी. मग वायरिंग.' असं पानभर, पानंच्या पानं.
मेपासूनच्या पानांत माझ्याबद्दलच्या ओळी सापडल्या. उतरवून ठेवते, धडे म्हणून.
'पोरीच्या अर्जावर सही केली. लीड अजून केलेलं नाही. करील.'
'साइटचे फोन २८ तारखेपर्यंत माझ्याकडे. सगळ्यांना बजावलं.'
'तिच्या घरचा नंबर नोकरीच्या फॉर्मवरून काढला. आईंशी बोललो. त्या यंत्र शेजारी हलवतात म्हणाल्या. तिला सांगू नका म्हणाल्या.'
'फरशीचं उलटं करून घेतलं. तिच्या वडिलांचाही फोन आला होता. चूक माझी म्हणून सांगणे. परीक्षेआधी मन मोडू नये.'
आणि शेवटी, '२८ जून. पास.' पुढे बरोबरची खूण. पेन जोरात टेकवलेलं. कागद मागून वर आलाय.
माझा स्टॉप मागे गेला. दोन स्टॉप चालत आले.

१ जुलै, सकाळी ५.०५
साहेबांनी डोळ्यांच्या दवाखान्याचं वेळापत्रक मागितलं आहे. म्हटलं, दोन दिवस द्या, आधी फरशीवाल्याला आणि बाबांना विचारते. साहेब म्हणाले, काकासुद्धा असंच म्हणायचे. मला ते फारसं आवडलं नाही.
भिंतीवरचा चार्ट उतरवला. पुढच्या खोलीत यंत्राची खडखड सुरू आहे. शाळा उघडल्या, सगळे गणवेश आधीच पोचलेत. आई आता दुसरंच काहीतरी शिवतेय.
तीन मेची नोंद दुरुस्त करून ठेवते. नियम म्हणजे नियम.
प्रकल्पाचं नाव : मी पास होणे. व्यवस्थापक : वहीवाले काका. टीम : आई, बाबा, शेजारच्या काकू.
मी : पोचवायचा माल. मुदतीत पोचला.