'पाडणे' या शब्दाचा दाखला

१२ ऑक्टोबर
पाचला उठलो. आधी मोबाईल. सौ. म्हणाली, देवाला हात जोडायच्या आधी अमेरिकेला जोडता. काय करणार, आपल्याकडे पहाट तेव्हा तिथं संध्याकाळ. दिवसभराची भांडणं ताजी ताजी मिळतात.

लेक अश्विनी राहते त्या राज्यात एक नवा पुढारी उभा आहे. त्याचं नाव जिभेवर बसत नाही, म्हणून मी त्याला टायवाला म्हणतो. काल त्याने जाहीर सांगितलं, बाहेरून नोकरीला आलेल्यांनी आता गाशा गुंडाळावा. खाली टाळ्यांचा ढीग. अश्विनीला तिथं नऊ वर्षं झाली. तिची ईरा तिथंच जन्मली. पाच वर्षांची पोर, आमचं उत्रोली तिला फक्त मोबाईलमध्ये माहीत. आणि हा कोण टिकोजीराव लागून गेला?

तेहतीस वर्षं ग्रामसेवकी केली, त्यातली निम्मी वेल्ह्याच्या डोंगरात. असले टायवाले मी पायजम्यात पाहिलेत. पॅनेल, गट, अविश्वासाचा ठराव, ऐन वेळी फुटलेला सदस्य. सगळं तेच. अमेरिका म्हणजे मोठी ग्रामपंचायत, एवढंच.

१५ ऑक्टो.
सौ.च्या गुडघ्याचे फोटो आणायला भोरला. ST स्टँडवर बबनतात्या भेटला. पालीचा, माझ्या वेळचा उपसरपंच. चहा घेतला. त्याला टायवाल्याचा व्हिडिओ दाखवला, काय म्हणतोय ते सांगितलं. तात्या बशीत फुंकर घालत म्हणाला, "भाऊसाहेब, ह्यो गडी पाडायचा बगा. पाडल्याबिगार ह्याची मस्ती न्हाई उतरायची."

तिथंच बाकावर बसून टायवाल्याच्या पानावर मराठीत कॉमेंट टाकली. झकास जमली, उतरवून ठेवतो:

"याला पाडा. कसा पाडायचा ते आम्हाला विचारा. पाली गावात आम्ही भलेभले पाडलेत, पुन्हा उठले नाहीत."

शेवटी अश्विनीचं नाव जोडलं. नेहमी जोडतो. नाव निळं होतं, छान दिसतं. लोकांना कळावं, आमची लेक तिथं आहे.

तात्याने लगेच अंगठा दिला.

१७ ऑक्टो.
अश्विनीचा फोन. कॉमेंट वाचली नव्हती तिने, वाचायला वेळ कुठे असतो. पण म्हणाली, अप्पा, मला सारखं जोडत जाऊ नका, ऑफिसातले बघतात. मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं.

डिसेंबरात येतेय! सौ.च्या गुडघ्याचं ऑपरेशन तेव्हाच धरायचं. ईराची शाळा आहे, म्हणून ती तिच्या बाबांजवळ, मंदाररावांजवळ राहील. येताच आहे तर अ. मुंबईत व्हिसाचा नवा शिक्काही मारून घेणार. त्याशिवाय परत जाता येत नाही. कागदपत्रांची यादी मला पाठवते म्हणाली. "कागदातलं अप्पांनाच कळतं," असं आईला सांगत होती. ऐकून बरं वाटलं.

२१ ऑक्टो.
माझ्या कॉमेंटखाली एकाने इंग्रजीत उत्तर दिलंय. नाव म्हणून नुसती अक्षरं. फोटोच्या जागी माणूस नाही, एक बंद दार.

एकच शब्द. "रिपोर्टेड." म्हणजे तक्रार केली.

कशाची तक्रार? मग माझ्याच कॉमेंटखालचं भाषांतराचं बटण दाबून पाहिलं. आजवर कधी दाबलं नव्हतं, आपलं आपल्याला कळतंच की. तिथं काय लिहून आलं: टेक हिम डाऊन. कसं ते आम्हाला विचारा. पाली गावात आम्ही मोठमोठी माणसं संपवली, नेव्हर गॉट अप अगेन.

दोनदा वाचलं. मी लिहिलं होतं निवडणुकीचं, आणि हे कुणाच्या खुनाचं वाटतंय.

२२ ऑक्टो.
सकाळी पुन्हा पाहिलं. बंद दाराने अश्विनीच्या निळ्या नावाखाली आणखी एक ओळ टाकलीय. ही इथंच राहते ना?

कॉमेंट पुसली. आधी फोटो काढून ठेवला, मूळ प्रत असावी म्हणून. सवय.

कुणाला बोललो नाही.

२९ ऑक्टो.
काही नाही. आपणच मनात धरून बसतो. भात कापणीला आलं, माणसं मिळत नाहीत. हे खरं काम.

६ नोव्हें.
टायवाला निवडून आला. पडला नाही.

बबनतात्याचा फोन, दुःखात. म्हणाला, आपल्याकडं बोलावला असता तर पाडून दाखवला असता. मी नीट बोललो नाही त्याच्याशी.

८ नोव्हें.
अश्विनीने ईराच्या वाढदिवसाचा फोटो कधीतरी टाकला होता. घराच्या पायरीवर, हातात फुगा. आज सहज पाहत होतो. त्याला एक नवा अंगठा आलाय. बंद दार.

सौ.ने विचारलं, काय झालं, चेहरा का असा? म्हटलं, पित्त झालंय.

१४ डिसें.
अश्विनी आली. विमानतळावर मीच गेलो. वाळलीय. रस्ताभर ईराचंच बोलणं. शिवऱ्याला वडापाव खाल्ला, तिखट लागला म्हणाली. एके काळी चार मिरच्या खायची. अ. निघताना ईराने तिच्या बॅगेत स्वतःचा एक मोजा घातलाय, आई परत आणून देईल म्हणून. अ.ने काढून दाखवला. निळा, त्यावर बदक.

सांगावं असं वाटलं. खेड शिवापूरच्या नाक्यापर्यंत वाटत होतं. मग वाहनं अडली, आणि राहिलं.

१८ डिसें.
सौ.चं ऑपरेशन झालं. ठीक.

२६ डिसें.
व्हिसाच्या मुलाखतीची तयारी. कागद मी लावले. पानांना क्रमांक, वर अनुक्रमणिका. अ. म्हणाली, आता मोबाईलवरची सगळी खाती उघडी ठेवायला सांगतात, कुणीही बघावं अशी. कोण काय बोलतं ते तपासतात. मी विचारलं, तुझंच तपासतात ना? "काय माहीत अप्पा. ज्यांची नावं जोडलेली असतील त्यांचंही बघत असतील."

मी टाचणी लावत होतो. बोटात घुसली.

५ जाने.
अ. मुंबईहून आली. वकिलातीने पासपोर्ट ठेवून घेतला आणि हातात चिठ्ठी दिली. आणखी तपासणी बाकी आहे, कळवू. कधी, ते लिहिलेलं नाही. चौदा तारखेचं परतीचं तिकीट आहे.

चिठ्ठीवर प्रकरणाचा नंबर आहे. मी माझ्याकडे उतरवून घेतला.

६ जाने.
ईराशी बोलताना अ. हसते आणि फोन ठेवला की न्हाणीत जाऊन नळ सोडते. सौ.ला ऐकू जाऊ नये म्हणून. सौ.ला सगळं ऐकू येतं.

हे माझ्यामुळे. नक्की माझ्यामुळे. एका शब्दाने पोरीला पोरीपासून तोडलं.

८ जाने.
रडून काय होतं. चूक कागदाने झाली, ती कागदानेच दुरुस्त करायची. नोकरीत हेच केलं. नावात काना चुकला की दाखला द्यायचा, 'सदर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत'. इथंही तसंच. शब्द चुकीचा समजला गेलाय, तर शब्दाचा दाखला द्यायचा.

पंचायतीत गेलो. माझ्या जागेवर आता बोडके म्हणून तरुण अधिकारी आहे, चांगला मुलगा. मसुदा त्याने वाचला. म्हणाला, भाऊसाहेब, असा नमुना नाही, मला सही करता यायची नाही. नियमाने बरोबर आहे त्याचं. मीही केली नसती.

मग मीच करायचं ठरवलं.

९ जाने.
दाखला:

"दाखला देण्यात येतो की, भोर व वेल्हे भागात 'पाडणे' हा शब्द निवडणुकीत पराभूत करणे या अर्थी सर्रास वापरला जातो. त्यात मारहाणीचा अगर जीवितास धोका पोहोचविण्याचा हेतू नसतो. 'पुन्हा उठले नाहीत' याचा अर्थ पुन्हा निवडून आले नाहीत. मागणीवरून दाखला दिला असे."

खाली माझी सही, निवृत्त ग्रामसेवक. शिक्का नाही याची हळहळ वाटली. पंच पाहिजे म्हणून पालीला गेलो. तात्या गोठ्यात होता. अडचण काय ते सगळं सांगितलं. माझ्याखेरीज आता ते त्यालाच माहीत आहे. हात धोतराला पुसून त्याने सही केली.

"मला दोनदा पाडलाय की. म्या हितं जित्ता हाय. त्यांस्नी म्हनावं, बगाया या."

जाताना म्हणाला, "पोरीला इचारलं का पर?"

म्हटलं, काम झालं की सांगतो.

१० जाने.
शब्दकोश घेऊन इंग्रजी प्रत केली. सकाळी सात ते अकरा. वकिलातीच्या पत्त्यावर ई-मेल केला. प्रकरणाचा नंबर, अर्जदाराचं नाव, अर्जदाराशी नातं. सोबत: १) दाखला, २) मूळ कॉमेंटचा फोटो. सहपत्राशिवाय अर्ज म्हणजे अपुरा अर्ज, शंभर वेळा लोकांना परत पाठवलंय मी.

दोन मिनिटांत उत्तर. मशीनचं असावं. आपला मजकूर मिळाला, प्रकरणाला जोडला आहे.

हलकं वाटलं. दुपारी झोप लागली.

११ जाने.
अ.च्या वकीलबाईंचा तिकडून फोन. अ. बोलताना पहिल्यांदा मोकळं हसली. मला आणि सौ.ला बोलावून सांगितलं. तशी चिठ्ठी सध्या बऱ्याच जणांना देतायत, तिच्या कंपनीतल्या दोघींनाही मिळाली, दोघींचे पासपोर्ट सुटले. नेहमीची तपासणी आहे. "अप्पा, त्या म्हणाल्या, तुझ्या फाईलमध्ये आक्षेप घेण्यासारखं काहीही नाही. फक्त शांत बस, स्वतःहून काही पाठवू नकोस."

सौ.ने साखर वाटली.

मी ती साखर हातात घेऊन परसात गेलो. मुंग्या आल्या तरी हातातच होती.

१२ जाने.
पाठवलेलं परत मागवता येतं का शोधलं. येत नाही. आवक झालेला कागद परत देत नसतात. मीही कुणाला दिला नाही कधी.

आज सांगायचं.

१३ जाने.
नाही सांगितलं. ती बॅग भरत होती. तीनदा भरली, तीनदा काढली. बदकाचा मोजा वरच्या कप्प्यात ठेवला.

१४ जाने.
संक्रांत. विमान तिच्याशिवाय गेलं. मंदाररावांनी ईराला सांगितलं, आईला उशीर होतोय. ईराने विचारलं, किती झोपा? म्हणजे किती रात्री. अ.ने माझ्याकडे बघितलं, मला कागदातलं कळतं म्हणून. मी तिळगूळ दिला तिला. गोड बोल म्हणायचं असतं, ते तोंडातून आलं नाही.

१७ जाने.
मोबाईल उघडत नाही मी आता. टायवाला काय बोलतो, कोण टाळ्या वाजवतो, काही माहीत नाही. सौ.ला वाटतं सुधारलो. आज म्हणाली, आता आधी देवाला हात जोडता, बरं वाटतं.

बबनतात्या येऊन गेला. ओट्यावर बसला, अ.ची चौकशी केली. ती समोर असेपर्यंत भातावर बोलला. ती आत गेल्यावर फक्त एवढंच, "सांगा भाऊसाहेब. मागनं कळलं तं लई वंगाळ." मी मान हलवली.

२० जाने., सकाळी साडेदहा
वकिलातीचं पत्र आलं आहे, अ.च्या ई-मेलवर. ती सोप्यावर बसून वाचत होती. सुटला बहुतेक, असं म्हणत उघडलं. मग ओठ हलवत वाचायला लागली. लहानपणी न समजणारं गणित अशीच वाचायची.

मला वाचून दाखवलं. तिच्या आणि जवळच्या नातेवाइकांच्या मागच्या पाच वर्षांतल्या सगळ्या खात्यांची नावं कळवावीत. सोबत पाठवलेल्या निवेदनातला मजकूर कुणाचा, ते कळवावं. पाली गावात पाडलेल्या माणसांची नावं आणि ती सध्या कुठे आहेत, ते कळवावं. तोवर निर्णय स्थगित.

"अप्पा, हे काय आहे? कुठलं निवेदन? आणि यांना पाली कसं माहीत?"

मी म्हटलं, थांब, चष्मा आणतो. चष्मा डोळ्यांवरच होता. आत आलो आणि हे लिहितोय.

बाहेरून परत हाक आली. आवाजात राग नाही, आणि तेच सोसवत नाही. ती आईला सांगतेय, काळजी नको, अप्पा बघतील, कागदातलं त्यांना कळतं.