नव्या चाकूचं नवेपण

केडगाव, मंगळवार, २१ नोव्हेंबर २०००

वर्षभर आईचा हात धरून तिला सही शिकवली, मग त्याच हातातला चाकू मला का दिसला नाही? जत्रेतला स्वस्त, माशाच्या आकाराचा चाकू. पातं ढिलं झालेलं. गेल्या आठवड्यात कडब्याच्या पेंढीची सुतळी कापताना ते उलटं मिटलं आणि आईच्या बोटात घुसलं. चार टाके पडले. बोटाला पट्टी, पेन धरता येईना, म्हणून काल महिला मंडळाच्या वहीत तिने पुन्हा अंगठा उठवला. मी, घरातली पहिली बी.ए., शेजारीच उभी होते.

आज दौंडहून चांगला चाकू आणला. उघडला की पातं खट् करून अडकतं, मागची कळ दाबल्याशिवाय मिटत नाही. आईने तीनदा खट् करून पाहिलं आणि म्हणाली, "एवढा चांगला चाकू कडब्याला? ट्रंकंत ठिव. तुझ्या लग्नात लागंल."

"लग्नात चाकू कशाला, आई?"

"नवरा कसा निघतोय, कुणाला ठावं."

मी हसले, पण आतून घाबरले. चांगली साडी, स्टीलचे डबे, सगळं ती असंच ट्रंकेत ठेवते. चाकूही तिथे गेला तर उद्या हातात पुन्हा तो मासाच. समजावून सांगू? बोलण्यात मी तिला कधी जिंकलेले नाही.

म्हणून ती भाकरी करत असताना गोठ्यात गेले, नव्या चाकूने दहा पेंढ्या सोडल्या आणि मुठीला शेण लागू दिलं. आता तो नवा राहिलेला नाही.