रिठ्यात घातलेली चांदी

निपाणी, बुधवार, दिवेलागण

तीन दिवसांनी आज जेवण गोड लागलं.

नात स्वाती बेळगावच्या कॉलेजात सुती कापडावर चांदी चढवते. डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांची चांदी! जखमेला बांधलं की जंतू मरतात, टाकून दिलं की कापड मातीत कुजून जातं. परीक्षेला दाखवायचा तुकडा तिनं रविवारी घरी आणला होता. रंग मात्र चहा सांडल्यासारखा. मला वाटलं, चांदी काळवंडली. पैंजण उजळतो तसा रिठ्याच्या पाण्यात घातला आणि मस्त चोळला. तरी तो चहाचा रंग हटेना.

"आज्जी, काय केलंस गं! त्यो रंगच चांदीचा हाय!" पोरगी रडकुंडीला आली. एकच तुकडा होता तिच्याकडं. मी मेली कशाला हात लावायला गेले?

दुपारी जेवायला बसणार तोच तिचा फोन आला. "आज्जी, तुकडा तपासला. चांदी गेली न्हाय. जंतू मेले की!"

"व्हय? मग रडू नगंस आता."

"बाई म्हणाल्या, धुऊन टिकतंय का ते बघायचंच होतं. शनिवारी धा तुकडे आणते, सगळे तूच धू."

लगेच शेजारच्या आक्काला सांगून आले, मला कॉलेजात काम लागलंय.