दवाखान्यातला जास्तीचा दिवस

चि. शिखास,

तुझ्या लेकीच्या बारशाला आई धारला पोचली नाही, ती माझ्या खोटेपणामुळे.

बारशाच्या पाच दिवस आधी सकाळी पोटात अचानक कळ उठली आणि मी ओट्याशीच कोसळले. "पैंक्रियाज़ में सूजन है," देवासचे डॉक्टर म्हणाले. स्वादुपिंडाला सूज. चार दिवस पाण्याचा घोटही नाही, नुसती सलाईन. पण तुझ्याकडून धावत आलेली आई उशाशी होती. लहानपणापासून ती तुझीच. बाबा गेल्यावरही तुझ्याच घरी राहिली. मला ती पहिल्यांदाच अख्खी मिळाली होती.

पाचव्या दिवशी डॉक्टर घरी जा म्हणाले. आईने लगेच धारच्या बससाठी पिशवी भरली. मी पोट धरलं. "आई, परत दुखतंय."

तिने पिशवी खाली ठेवली आणि तुला फोन केला, "बारसं उरकून घ्या. मला जमत नाही."

संध्याकाळी पेज भरवताना म्हणाली, "दुखत नव्हतं, कळलं होतं मला. नुसतं थांब म्हणाली असतीस, तरी थांबले असते गं."

हे पत्र मी टाकणार नाही. तुझ्या रागाला भीत नाही मी. आईचं ते वाक्य तरी मला तुझ्याबरोबर वाटून घ्यायचं नाही.

तुझी थोरली,
सीता