मोठ्यानं वाजीव रं बाबा!

तीर्थरूप गोदावरीआत्यांच्या पायांवर कुपवाडहून विश्वजितचं डोकं. गुडघ्याला तिळाच्या तेलानं उतार पडला का? मी मजेत (कान सोडून).

मागं तुम्ही विचारलंत, पीएचडी म्हणजे नक्की करतोस काय. गाड्यांचा आवाज मोजतो, रस्त्याकडेला राहणाऱ्यांचं बीपी मोजतो आणि दोन्हींचा नकाशा काढतो. गोंगाट जास्त, तिथं लाल रंग. इथं कारखान्यांकडे जाणारे ट्रक एका चिंचोळ्या गल्लीत घुसतात. तिथल्या साळूबाईंनी आपल्या भिंतीवर माझं यंत्र लावू दिलं. त्यांचे यजमान कोंडीबा यांची हॉर्नपायी झोप उडालेली, बीपी कायम चढलेलं. नकाशा महापालिकेत दाखवून ट्रक दुसरीकडून वळवता येतील, ही बाईंची आशा (आणि माझी बढाई).

आठवड्यानं बघतो तर ती गल्ली हायवेपेक्षा लालभडक! आमचे सर म्हणाले, "कुपवाडला विमानतळ झाला काय?" रेकॉर्डिंग ऐकलं, तर हॉर्नच्या मधूनमधून साळूबाई: "मोठ्यानं वाजीव रं बाबा! यंत्राला ऐकू जायला पायजे!" बाई ट्रक अडवून हॉर्न वाजवून घेत होत्या. ड्रायव्हरांना काय, तेवढंच हवं असतं!

मी म्हणालो, "मावशी, खरा आवाजसुद्धा पुरला असता." तर म्हणतात कशा, "आवं, नुसतं खरं सांगून कवा कुनी ऐकलंय?" हे मी सरांना जसंच्या तसं सांगितलं. (त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं, आणि ते तर एरवी आम्हालाच उतरवायला लावतात.)

सगळी मोजणी बाद. पुन्हा सुरुवात केली. बाईंनी गप्प बसायची शपथ घेतली आणि पाळलीही. पण आता त्या ओट्यावर दिसल्या की प्रत्येक ट्रकवाला हॉर्ननं रामराम घालतो. त्यांना आत बसवलं, तर आष्ट्याचा दिलावर ड्रायव्हर गाडी थांबवून भोंगा वाजवत राहिला. "मावशी दिसंना, आजारी हाय काय?"

असो. गुडघ्याला जपा. मामांना नमस्कार.

तुमचा भाचा,
विश्वजित

ता. क. मोजणी होईपर्यंत साळूबाईंना तुमच्याकडे कोरेगावला ठेवून घ्याल ना? नाही म्हणू नका, त्या सकाळच्या एसटीनं निघाल्यात. म्हणूनच पत्र टपालात न टाकता त्याचा फोटो मोबाइलवर पाठवतोय.

ता. ता. क. आत्ताच कोंडीबांचं बीपी मोजलं. बाई गावाला गेल्याचं ट्रकवाल्यांना कळल्यानं आज गल्लीत एक हॉर्न नाही, तरी पारा आजवर कधी नव्हता इतका वर! विचारलं तर म्हणाले, "घर लय गप झालंय रं. कवा येतीया ती?" तेव्हा आत्या, बाई उतरल्या की चहा पाजा आणि त्यांना परतीच्या एसटीत बसवा. सरांना काय सांगायचं, ते मी बघतो.