मी तर पुसलं होतं!

४ नोव्हेंबर

झालं एकदाचं! सिकलसेल तपासायचं मशीन, ज्याचा प्रोग्राम मी लिहिला, ते आज कॅम्पासाठी गेलं. चाचणीसाठी रक्त कुठून आणणार, म्हणून स्वतःचंच बोट टोचलं. नावही स्वतःचंच घातलं – खोटं नाव घालायला जीव धजेना. निकाल अपेक्षेप्रमाणे एएस. आठवीत शाळेच्या कॅम्पात आला होता तोच. म्हणजे आजार नाही, पण सिकलसेलची वाहक. मग ती नोंद खोडली.

सोमारीताई सिस्टर न्यायला आल्या. उद्या त्यांचा गडचिरोलीकडे कॅम्प. मी दहादा बजावलं, बंद करू नका, तापायला अर्धा तास लागतो. "नाई करत व माय, बॅटरीवरच ठेवतो," म्हणाल्या.

२२ नोव्हेंबर

मला बघायला पाहुणे येऊन गेले. मुलगा रोशन, गडचिरोलीकडचा, वायरमन. कमी बोलतो. हसला की बरा दिसतो. मला आवडला, लिहूनच टाकते.

आचलला कालच मामाकडे भद्रावतीला पाठवलं होतं. माझी सख्खी बहीण, पण तिचे सुजलेले सांधे पाहुण्यांना दिसायला नकोत! रोशनच्या आईने विचारलंच, "घरी कोणाले सिकलसेल हाय का जी?" बाबा लगेच, "नाई जी." मी चहाचा ट्रे धरून उभी. रोशन माझ्याकडे बघत होता. बराच वेळ. मी खाली बघितलं.

ते गेल्यावर केर काढायला घेतला तर आईने झाडू हिसकावला. "पावने आत्ताच गेले, काऊन झाडतेस? पोचू दे पयले." बिस्किटांचा चुरा संध्याकाळपर्यंत तसाच पडून होता.

२५ नोव्हेंबर

नागपूरच्या ऑफिसातून रिना मॅडमचा फोन. एका पेशंटच्या कागदावर खाली त्याच्या आधीच्या पेशंटचं नाव छापून आलं! निकालासकट! "पुनम, तू पुसत नाहीस का?"

पुसते की! प्रोग्राममध्ये तशी ओळ आहे. मी स्वतः लिहिलीय.

२६ नोव्हेंबर

काही कळत नाही. पुन्हा साध्या भाषेत लिहून बघते. कर्नल म्हणजे मशीनच्या आतला मुख्य कारभारी. त्याच्याकडून थोडी मेमरी मागून घ्यायची, त्यात नाव-निकाल ठेवायचा, छापून झालं की शून्यांनी पुसायची आणि परत द्यायची. पुढच्या पेशंटला तीच जागा मिळते. पुसलेली नसेल आणि त्याची नोंद आधीच्यापेक्षा छोटी असेल, तर खाली आधीच्याची शेपटी उरते.

पण पुसलीय ना! मशीन परत आलंय. दहा वेळा चालवून मेमरी उघडून बघितली. दहाही वेळा नाव जसंच्या तसं. डोकं काम करेनासं झालंय.

२७ नोव्हेंबर

ओळ आहे. पुसत नाही. जेवण गेलं नाही.

२८ नोव्हेंबर

सापडलं! मी लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर – त्यानेच माझी ओळ गाळली. त्याच्या मते ही जागा आता परत द्यायची, यापुढे इथलं कोणी वाचणार नाही, मग पुसायची मेहनत कशाला? मला न विचारता! त्याला शहाणपणा करू न देणारी, सक्तीने पुसणारी वेगळी सोय असते. ती घातली. मेमरीत नुसती शून्यं. मॅडम खूश.

आईला सांगितलं. म्हणाली, "मंग? मीबी लगेच झाडत नाई." अगं, तू माणूस सुखरूप पोचावा म्हणून थांबतेस. याला वाटतं आता कोणी येणारच नाही.

२९ नोव्हेंबर

भांडी घासताना हात थांबला. कॅम्पाच्या आधी त्या मशीनमध्ये शेवटचं नाव कोणाचं होतं? माझं! खोडली ती यादीतली नोंद, मेमरीत नाव तसंच होतं. आणि मीच सांगितलं बंद करू नका. बंद केलं असतं तर सगळं आपोआप गेलं असतं.

सोमारीताईंना फोन केला. ५ तारखेचा पहिला पेशंट कोण? "एक पोरगा होता. घाईत होता, कागद घेऊन गेला." नाव? "पाहा लागन व बाई, रजिस्टर दवाखान्यात हाय."

माझं नाव, वडिलांचं नाव, एएस. कोणाच्या तरी खिशात. तो कुठे बोलला आणि रोशनच्या आईच्या कानावर गेलं तर?

१ डिसेंबर

बाबा म्हणतात, "लगन होऊ दे, मंग सांगू." मग काय सांगणार! रोशनही एएस असला तर? आईबाबा दोघंही वाहक, म्हणून आचलच्या नशिबी हे रक्त चढवणं आलं. मला माझ्या पोरीला असं रडताना बघायचं नाही. आणि रोशनला गमवायचंही नाही. दोन्ही खरं आहे.

त्याला फोन लावला. "काई म्हनायचं होतं का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही, सहज.

तो म्हणाला, "बरं."

२ डिसेंबर

ठरलं. उद्या नागभीडच्या स्टँडवर भेटायचं. सगळं सांगणार, आचलचंही.

३ डिसेंबर

सांगितलं. एका दमात, त्याच्याकडे न बघता. त्याने पाकिटातून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. वर रोशन, एए. म्हणजे तो वाहकही नाही, भिण्यासारखं काहीच नव्हतं. खाली अर्धवट ओळीत पुनम सोमाजी, एएस. तारीख ५ नोव्हेंबर. "तू सांगशील म्हनून वाट पाहून राह्यलो होतो," म्हणाला.

बाबा "नाई जी" म्हणाले तेव्हा हा कागद त्याच्या खिशात होता.